पहिलं येईल ते वाचा

तुमच्या घरातल्या माणसाला आत्ता साप चावला, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? दवाखान्यात नेऊ, असं लगेच म्हणू नका. त्याच्या आधीचं विचारतेय. तुमचा एक हात त्या माणसाच्या खांद्यावर असेल. दुसऱ्या हातात काय असेल? फोन असेल. तुम्ही फोनला विचाराल, साप चावल्यावर काय करायचं, आणि तो जे पहिलं दाखवेल ते वाचाल. दुसरं-तिसरं वाचून ताडून बघायला तेव्हा कुणाला सुचतं?

मला या पहिल्याची भीती वाटते. सापाची वाटते त्याहून जास्त.

हे पहिलं कोण ठरवतं, याच्याभोवतीच माझी नोकरी आहे. सांगलीत एका लहानशा ऑफिसात मी काम करते. लोकांनी फोनवर काही शोधलं की आमच्या गिऱ्हाइकाचं पेज वर यावं, हे आमचं काम. गिऱ्हाईक म्हणजे कुपवाडचा पंप बनवणारा एक कारखानदार, तासगावकडची द्राक्षरोपांची नर्सरी, साताऱ्याचे एक पेढेवाले, असे. लोक कोणत्या शब्दांनी शोधतात ते हुडकायचं, ते शब्द मथळ्यात बसवायचे, पेज चटकन उघडेल असं हलकं ठेवायचं, दुसऱ्या भरवशाच्या वेबसाइटवरून आपल्याकडे दुवा मिळावा म्हणून खटपट करायची. एवढं सगळं करूनही वर कोण आणि खाली कोण, हे ठरवणारं गणित सर्चच्या कंपनीकडे असतं. ते आम्ही कुणी पाहिलेलं नाही. आणि ते अधूनमधून बदलतं. बदललं की ऑफिसात कुणीतरी खुर्चीतूनच सांगतं, ‘अपडेट आलंय.’ पावसाळ्यात सांगलीकर ‘पाणी वाढतंय’ ज्या आवाजात म्हणतात, तोच आवाज. मग जो तो आपापलं पेज कुठं वाहून गेलं ते बघत बसतो.

पण माझ्या घरात ही विद्या नव्हती. मी साताऱ्यात पत्रकांवर वाढले. बाबा छापखान्यात कामाला होते, आणि काम सुटल्यावर स्वतःच्या खर्चानं पत्रकं काढायचे. भानामतीवर, हुंड्यावर, मुलींना शाळेतून काढण्यावर, यात्रेतल्या बोकडांवर. वाया गेलेल्या तावांवर आई भाजी निवडायची. शाईचे ठसे पोळीच्या कडेला लागायचे. मी वाचायला शिकले ती त्याच कागदांवर. वर जाड अक्षरांत मथळा, मध्ये चार परखड ओळी, खाली आवाहन. वर्गात निबंध लिहितानाही मी शेवटी आवाहन करायची आणि बाई हसायच्या.

त्या पत्रकांवर एक गोष्ट कधीच नसायची. नाव. लिहिणाऱ्याचं नाही, वाटणाऱ्याचं नाही. बाबांचं म्हणणं ठरलेलं होतं. म्हणणं बरोबर आहे की चूक ते वाचणाऱ्यानं तपासावं, म्हणणारा कोण आहे ते बघू नये. नावाला लोक हार घालतात, मग त्या नावाचा बुवा होतो. आमच्याकडे येणारे त्यांचे चार-पाच मित्र याच मताचे होते. हा त्यांचा नियम होता आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

आईचं कारण वेगळं होतं, ते ती बोलायची नाही. मी प्राथमिक शाळेत असताना बाबांनी एका माणसावर पत्रक काढलं होतं. तो साप चावलेल्यांचं विष तोंडानं ओढून काढतो म्हणून सांगायचा आणि जत्रांतून फिरायचा. पत्रक वाटल्यावर त्याची माणसं दारात आली. लिहिणारा कोण, एवढंच विचारत होती. आईनं उंबऱ्यातच उभं राहून सांगितलं, छापायला आलं होतं, आम्हाला काय ठाऊक. ती माणसं गेली. आई मात्र बराच वेळ दाराची कडी हातात धरून उभी होती. तेव्हापासून नाव नसण्याचा तिला आधार वाटायचा.

साप चावण्यावरचं पत्रक बाबांनी आयुष्यभर पुन्हापुन्हा छापलं. आमच्याकडे उसाची शेतं, गवताचे बांध, त्यात घोणस. त्या पत्रकातला मजकूर मला पाठ आहे. दोर घट्ट बांधू नका. चिरा मारू नका. विष ओढू नका. मुळी उगाळू नका. चावलेला भाग हलवू नका, माणसाला चालवू नका, सरकारी दवाखान्यात न्या, इंजेक्शन तिथंच असतं. नोकरी लागल्यावर मी एक साधी वेबसाइट उभी केली आणि बाबांची सगळी पत्रकं तिच्यावर चढवली. सापाचं पत्रक सगळ्यात आधी.

पहिले काही महिने ते कुणालाच सापडत नव्हतं, कारण बाबांचा मथळा होता, ‘सर्पदंश : गैरसमज आणि वास्तव’. शेतात उभ्या माणसाच्या तोंडात हे शब्द येत नाहीत. मी आठवडी बाजारांतून बायकांना विचारत फिरले, फोनशी बोलून शोधताना तुम्ही काय म्हणाल. कुणी सांगितलं, साप चावला काय करायचं. कुणी जनावर म्हणालं, कुणी लांबडं. एक म्हातारी म्हणाली की दिवस मावळायच्या वक्ताला ती त्याचं नावच घेणार नाही, फोनलासुद्धा नाही. मी ते सगळे शब्द घातले. पोरं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात, तेही घातलं. चित्रं काढून टाकली, म्हणजे उसाच्या फडात नेटची एक काडी असली तरी पेज उघडेल. सुट्टीला साताऱ्याला गेले की बाबा शेजारी बसून बघायचे आणि म्हणायचे, पत्रक भिंतीवर चिकटवायला मला खळ लागायची, तुझी खळ निराळी आहे.

आणि एक दिवस आमचं पेज पहिलं आलं. मग तेच राहिलं. मी पुन्हापुन्हा शोधून बघायची, वेगवेगळ्या फोनवर, आईच्या, शेजाऱ्यांच्या. पहिलंच.

त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला बाबांनी सापाचं पत्रक नव्यानं छापलं. जागा कमी होती, कागद महाग होता. वेबसाइटचा पत्ता इंग्रजी अक्षरांत होता. बाबा म्हणाले, हे कोण टाइप करेल? आणि आमच्या पत्रकावर पत्ता कशाला? आम्ही दोघांनी विचार केला आणि शेवटी एक ओळ घातली. ‘अधिक माहितीसाठी फोनवर साप चावल्यावर काय करायचं असं शोधा. पहिलं येईल ते वाचा.’

आम्हाला ती ओळ फार आवडली होती. नाव नाही, पत्ता नाही, माणसानं स्वतः शोधायचं आणि स्वतः वाचायचं. बाबांच्या सगळ्या तत्त्वांत बसणारी. पत्रकांचे गठ्ठे एसटीनं फलटणला गेले, कऱ्हाडला गेले, पलूसकडे गेले. दूध डेअरीच्या दारावर, पिठाच्या गिरणीत, गोठ्यांत, सलूनच्या आरशाशेजारी ती चिकटली.

दसरा झाल्यावर अपडेट आलं.

मी सकाळी ऑफिसात चहा घेत सवयीनं शोधून बघितलं. आमचं पेज नव्हतं. खाली सरकवलं. नव्हतं. पुढच्या पानावर गेले, तिथं एका जुन्या बातमीच्या खाली ते होतं. आणि पहिल्या जागेवर दुसरंच कुणीतरी होतं. गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या माणसाचा फोटो, नावाच्या मागं डॉक्टर, खाली लांबलचक परिचय, ‘आजच अद्ययावत’ अशी पट्टी. मी ते उघडलं. दंशाच्या वर दोर करकचून बांधा. ब्लेडनं छोटा छेद द्या. आमची मुळी उगाळून लावा. खाली मागवण्यासाठी बटण.

भिंतीभिंतीवर आमचा कागद होता. आणि तो कागद लोकांना सांगत होता, पहिलं येईल ते वाचा.

सरांना सांगितलं. ऑफिस त्यांचं. माणूस वाईट नाही. त्यांनी नियम सांगितला, जो मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगत आलेय. अपडेट पुरतं उतरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. गणित अजून हलतंय, आज खाली गेलेलं चार दिवसांनी वर येतं, तू मध्येच बदल केलास तर काय कशानं झालं तेच कळणार नाही. ‘पंपवाल्याचंही गेलंय खाली,’ ते म्हणाले. ‘तो ओरडतोय, मी थांबलोय ना?’

मी म्हटलं, ‘सर, पंप चार दिवस थांबेल.’

दुपारी येऊन त्यांनी आमचं पेज माझ्याबरोबर बसून बघितलं आणि कारण काढलं. तब्येतीच्या विषयांवर आता हे गणित विचारतंय की हे म्हणतंय कोण. लिहिणाऱ्याचं नाव काय, शिक्षण काय, कुणी तपासलं, संपर्क कुठं. आमच्या पेजवर यातलं काही नव्हतं. मुळीवाल्याकडे सगळं होतं. त्यातलं खरं किती, हे गणिताला दिसत नव्हतं, पण रकाने भरलेले होते. सर म्हणाले, ‘तुझ्या वडिलांचं नाव घाल. आणि एखाद्या डॉक्टरचं, तपासलं म्हणून.’ त्यांना ही किरकोळ गोष्ट वाटली.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. माझी अपेक्षा होती की ते घाबरतील. ते भडकले.

‘म्हणजे मजकूर तोच, अक्षर न् अक्षर खरं, आणि नाव नाही म्हणून खोटं?’

‘खोटं नाही म्हणत ते, बाबा. खाली ढकलतायत.’

‘एकच झालं. कोण म्हणतंय ते बघून खरं ठरवायचं, मग तुझं ते गणित बुवाच झालं की. आम्ही ज्याच्याविरुद्ध उभा जन्म पत्रकं काढली तोच तुझ्या फोनमध्ये जाऊन बसलाय.’

मला हे पटत होतं, हीच पंचाईत होती. मी त्यांचीच मुलगी आहे. तरी मी म्हटलं की आपण त्याच्याशी नंतर भांडू, आज नाव द्या. मागून आईचा आवाज आला. नाव द्यायचं नाही. ती मुळीवाली माणसं कोण आहेत, कुठली आहेत, काय ठाऊक. फोटो, गाव, सगळं टाकायचं म्हणजे दार उघडं ठेवून झोपायचं. फोन बाबांच्या हातात होता पण बोलत आई होती. शेवटी बाबा म्हणाले, बघू.

दुसऱ्या दिवशी मी माझं नाव घातलं. पण मी डॉक्टर नाही. नुसत्या माझ्या नावानं पेज जागचं हललं नाही.

मग मी रजा टाकली आणि गावोगाव फिरून पत्रकं फाडायला लागले. वडिलांनी रात्रपाळीनंतर जुळवलेली, छापलेली पत्रकं मी नखांनी खरवडून काढत होते. जिथं निघत नव्हती तिथं शेवटच्या ओळीवर कोरी पट्टी चिकटवली. लोक विचारायचे, काय झालं, कागदात काय चूक हाय का? मी म्हणायची, चूक नाही, फक्त खालची ओळ वाचू नका. ते ती ओळ मोठ्यानं वाचायचे. एका गिरणीवाल्यानं विचारलं, ‘मग आता कितवं आलेलं वाचायचं?’ आणि गिरणीत पीठ घ्यायला आलेले सगळे हसले. मला हसू आलं नाही. उसाला तोडी लागायच्या होत्या. गवत कापणं चालू होतं. प्रत्येक भिंतीपाशी मला वाटायचं, इथं आत्तापर्यंत कुणी वाचून गेलं असेल तर? कुणाच्या फोनमध्ये ते पहिलं उघडलं असेल तर? रस्त्यानं जाताना कुणी घाईनं चाललेलं दिसलं तरी मी थांबवून विचारायची, काय झालं? ताळ्यावर नव्हतेच मी.

कुटुंबाच्या ग्रुपवर मी सगळं लिहिलं होतं. कुंडलला आईचं माहेर आहे. पण मामा त्या ग्रुपवर नाहीत. त्यांचा मुलगा आहे, तो फौजेत, आणि तो त्या वेळी सीमेवर होता, जिथं नेट लागतं तर लागतं.

पलूसच्या स्टँडवर मी एसटीची वाट बघत होते. दुपार होती. कुंडललाच निघाले होते. फोन वाजला तो मामांचा. मामा स्वतःहून कधी फोन करत नाहीत.

वहिनीला, म्हणजे त्या फौजेतल्या भावाच्या बायकोला, वैरण कापताना हाताला चावलं होतं. मामांचा आवाज शांत होता. ते सांगत होते की सगळं बरोबर चाललंय, मी नुसतं तुला इचारून घेतोय. दंडाला दोर आवळलाय. शेजारच्या पोराला मोटरसायकलवर पाठवलंय, वाटेगावाकडं एकजण ती मुळी ठेवतो. ब्लेड हाय, पण कापायला धीर हुईना, कापायचं का?

‘मामा, कापू नका. हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘कुनी म्हंजे? आगं तुमच्याच कागदावर लिवलंय न्हवं. दाजींचा कागद गोठ्यात डकवलाय. पयलं यील ते वाचा. पयलं आलं ते वाचलं.’

मी स्टँडवर उभी होते. माणसं चढत-उतरत होती. पलीकडून मामा ‘हॅलो, हाईस का?’ म्हणत होते. मग मला जे पाठ होतं ते मी म्हणायला लागले, बाबांच्याच शब्दांत, ओळीमागून ओळ, जसं लहानपणी म्हणायची. कापू नका. चालवू नका. हात हलवू नका, फळीला बांधून ठेवा. बांगड्या-अंगठी काढा. आणि दोर आता एकदम सोडूही नका, ते दवाखान्यात डॉक्टर सोडतील. मुळीसाठी थांबू नका. गाडी काढा, पलूसच्या सरकारी दवाखान्यात आणा.

मामा म्हणाले, ‘आता कुणाचं खरं धरू? तुझं का फोनचं?’

त्यांचा प्रश्न रागाचा नव्हता. त्यांना खरंच ठरवायचं होतं, आणि त्यांची सून समोर खाटेवर होती. मी म्हटलं, ‘माझं धरा. काही झालं तर मला बोला. माझं नाव घेऊन बोला.’

‘बरं,’ मामा म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते निघाले की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी रिक्षा करून तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. मामांच्या शेजाऱ्याची पांढरी जीप होती, म्हणून रस्त्यावर येणारी प्रत्येक पांढरी जीप बघत होते. ती वेळ किती होती ते मी मोजलं नाही. मनात एकच होतं, की ते अजून मुळीची वाट बघत बसले असतील. मग जीप आली. वहिनीचा हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा झाला होता. हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ती शुद्धीत होती आणि माझ्याकडे बघून तिनं पदर नीट करायचा प्रयत्न केला.

इंजेक्शन तिथं होतं. डॉक्टरबाईंनी आधी ते चालू केलं आणि मग दोर हळूहळू सैल केला. नंतर वहिनीला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. ते दिवस मी सांगत नाही. ती वाचली. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, विषानं की दोरानं ते कुणी ठामपणे सांगत नाही.

मामांनी गोठ्यातला कागद फाडून, घडी करून खिशात आणला होता. पुरावा म्हणून म्हणा. तो त्यांनी डॉक्टरबाईंसमोर धरला होता. दुसऱ्या दिवशी, वहिनीला सांगलीला हलवायच्या आधी, बाबा साताऱ्याहून आले, आईही आली, तेव्हा डॉक्टरबाई मामांना हलवण्याच्या कागदावर सही करायला सांगायला आल्या होत्या आणि हे पत्रक अजून बाईंच्या हातात होतं. त्यांनी विचारलं, ‘हे कुणी लिहिलंय?’

मी आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती.

‘मी,’ बाबा म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘मजकूर सगळा बरोबर आहे. शेवटची ओळ सोडून.’ बाबांनी मान हलवली. मग आईनंच विचारलं, की यावर तुमचं नाव घातलं तर चालेल का. माझा विश्वास बसेना. बाईंनी वरिष्ठांना विचारून सांगते म्हटलं, आणि नंतर ‘घाला’ म्हणून कळवलं.

आता त्या पेजवर तीन नावं आहेत. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंचं, बाबांचं, माझं. बाबांचा फोटोही आहे, त्यात ते पकडून आणल्यासारखे बसलेत. आईनं साताऱ्याच्या घराला आतून दुसरी कडी बसवून घेतली आहे. मी माझ्या खोलीला. या लिखाणात मी कुणाचं नाव घातलं नाही, कारण इथं घरच्यांची दुखणी आहेत. तिथं घातलं, कारण तिथं जबाबदारी आहे. हा फरक मला पलूसच्या स्टँडवर कळला, बाबांच्या कुठल्याच पत्रकात तो नव्हता. बाबांना तो अजून अर्धाच पटलाय. नाव लावलं म्हणून गणितानं मान दिला, याचा त्यांना संताप येतो, आणि तो खराही आहे. मुळीवाल्याकडेही नाव आहेच की. मी त्याच्या पेजबद्दल जिथं जिथं तक्रार करता येते तिथं केली. ते कधी खाली जातं, नव्या नावानं पुन्हा येतं.

आमचं पेज वर आलं. पहिलं नाही. कधी तिसरं, कधी दुसरं, मधल्या एका अपडेटला पुन्हा खाली. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी शोधून बघते. वहिनी फोनवर चिडवते, ‘वन्सं, त्या पयल्यावाल्याला माझ्या हाताचा बी एक फोटू पाठवा की, त्याच्या फोटूशेजारी शोभंल.’ ती हसते. मला अजून जमत नाही.

कारण आता आणखी नवीन आलंय. अलीकडे सगळ्यात वर कुणाचंच पेज नसतं. एक चौकट येते आणि फोन स्वतःच उत्तर लिहून देतो, इथून एक ओळ, तिथून एक ओळ उचलून. परवा मी तिच्यात वाचलं, दोर बांधू नका. ती आमची ओळ, मी लगेच ओळखली. तिच्या खाली लिहिलं होतं, दंशाच्या वरच्या बाजूस पट्टी घट्ट आवळावी. ते कुणाचं, तेही ओळखलं. दोन्ही एकाच सुरात, एकाच अक्षरात, शेजारी शेजारी. लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून वाचलं. ‘हे कुणाला विचारायचं?’ ते म्हणाले. दुसऱ्याच क्षणी मी पुन्हा शोधलं तर चौकट वेगळी होती.

सरांनी आता या चौकटीत आपलं कसं यावं याचा अभ्यास सुरू केलाय. मीही करतेय. ओळी छोट्या करतेय, प्रश्न आधी आणि उत्तर लगेच खाली अशी मांडणी करतेय, ‘नका’ हा शब्द प्रत्येक ओळीत ठेवतेय, म्हणजे तोडून उचलली तरी तिचा अर्थ उलटा होणार नाही. गणित बदलेल तसं मी बदलेन. पण मी तुम्हाला वचन देऊ शकत नाही की तुमच्या घरी वेळ येईल तेव्हा पहिलं आम्हीच असू. असं वचन आम्ही एकदा छापलं होतं.

म्हणून आवाहन करते. हे वाचून झाल्यावर, आजच, तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात फोन करा किंवा जाऊन या. साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन तिथं आहे का, ते विचारा. नसेल तर कुठं आहे ते विचारा. तिथला नंबर आणि तिथवर न्यायला ज्याची गाडी मिळेल त्याचा नंबर गोठ्यात, चुलीशेजारी, जिथं दिसेल तिथं मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. कागदावर नको, भिंतीवर. आणि त्याच्या खाली तुमचं स्वतःचं नाव लिहा, म्हणजे घाबरलेल्या माणसानं ‘हे कोण म्हणतंय’ असं विचारलं, तर उत्तर द्यायला घरातलं कुणीतरी असेल.